उतरण्याची विद्या

कणकुंबीत सपाट जमीन फारशी नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गोव्याच्या हद्दीला लागून असलेले हे आमचे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर वसले आहे. येथेच, माउली देवीच्या मंदिराच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर मलप्रभा उगम पावते आणि कृष्णेच्या भेटीसाठी पूर्वेकडे निघते. गावाच्या पश्चिमेस थोडे गेले की चोर्ला घाटाची उतरण लागते. या दोहोंच्या मध्ये टेकड्या, जंगल आणि टेकड्यांच्या उतारावर पायऱ्यांसारखी रचलेली भाताची खाचरे. आमच्या शाळेपुढचे मैदान हीच काय ती आमची सपाटी. तीही जांभा दगड फोडून केलेली, आणि शंभर पावलांत संपणारी.

अशा गावातील एका मुख्याध्यापकाने विमान उतरविण्याच्या विद्येविषयी लिहावे, हे वाचकांस थोडे विचित्र वाटेल. मलाही ते तसेच वाटते. मी मराठीचा शिक्षक. आयुष्यात विमानात पाय ठेवलेला नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याकरिता मला सांबऱ्याच्या विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन बसावे लागले, आणि तेथे जे पाहिले व ऐकले ते माझ्या स्वतःच्या व्यवसायाविषयी मला पुष्कळ काही शिकवून गेले.

प्रश्न घेऊन आला होता माझा एक जुना विद्यार्थी. त्याचे नाव सांगत नाही. बेळगाव-पणजी रस्त्यावर तो मालट्रक चालवितो. चोर्ला घाटातील प्रत्येक वळण त्याच्या हाताला पाठ आहे. एका संध्याकाळी ट्रक रस्त्याच्या कडेला लावून तो घरी आला, ओटीवर बसला, पाणी प्याला आणि बराच वेळ गप्प राहिला.

"गुरुजी, पोरीनं पी.यू.सी. केली बघा. सायन्स. गणितात चांगले मार्क पडलेत," तो शेवटी म्हणाला.

"फार उत्तम. पुढे काय करणार म्हणते?"

"विमान चालवायचं म्हणते. सांबऱ्याला शिकवतात म्हणं. मला तर काय सुधरंना. तुम्हीच सांगा, जाऊ देऊ काय?"

मी ताबडतोब उत्तर दिले नाही. देऊ शकलो नाही, हे अधिक खरे. कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच माणसाच्या वडिलांनी मला असाच एक प्रश्न विचारला होता, आणि त्या वेळी मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले होते. त्या उत्तराकडे पुढे येईन. त्या संध्याकाळी मी एवढेच म्हणालो, "आठ दिवस दे. मी स्वतः पाहून येतो."

कणकुंबीहून जांबोटीमार्गे बेळगाव गाठायचे आणि शहर ओलांडून पूर्वेस दहा-बारा किलोमीटर गेले की सांबरा. सह्याद्रीचा माथा सोडून पठारावर आलो की डोळ्यांना एक निराळीच मोकळीक मिळते. काळी-तांबडी शेते, लांबवर सपाट क्षितिज आणि वर रिकामे आकाश. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने येथे विमानतळ उभारला आणि त्याचा उपयोग प्रशिक्षणासाठीही केला. स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाच्या जवानांचे प्रशिक्षण केंद्र येथे नांदले. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतील तरुणांनी शिक्षणासाठी सांबऱ्यास येणे, ही आमच्या भागास नवी गोष्ट नाही. पुढे नागरी विमानसेवेसाठी धावपट्टी १८३० मीटरांवरून २३०० मीटरांपर्यंत वाढविण्यात आली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये प्रवाशांसाठी नवी इमारत झाली. २०२१ साली देशातील ज्या पाच विमानतळांवर वैमानिक प्रशिक्षणाच्या संस्था काढण्याचे ठरले, त्यांत बेळगाव होते आणि खानदेशातील जळगावही होते. तेव्हापासून सांबऱ्याच्या आकाशात छोट्या विमानांची घरघर सुरू झाली.

एका ओळखीच्या गृहस्थांनी माझी गाठ एका तरुण प्रशिक्षकाशी घालून दिली होती. सुटीचा दिवस असूनही ते सकाळी सहा वाजता आले. सातारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले, वय तिशीच्या आतबाहेर, बोलणे मोजके. विमानतळाच्या कुंपणाबाहेर, धावपट्टीच्या टोकाकडील रस्त्यालगत एका बाभळीखाली आम्ही बसलो. उन्हाळ्यात सकाळची वेळ शिकविण्यास उत्तम, असे ते म्हणाले. ऊन चढले की जमीन तापते, हवा उसळते आणि नवशिक्याच्या हातातील विमान बैलगाडीसारखे हिंदकळू लागते.

थोड्याच वेळात एका इंजिनाचे एक चिमुकले विमान पूर्वेकडून खाली येताना दिसले. मला वाटले, आता टेकणार. तोच इंजिनाचा आवाज वाढला, विमान धावपट्टीवरून तसेच पुढे गेले आणि वर चढले. मी घाबरून विचारले, "काय बिघडले?"

"काही नाही, सर. मुलाला जमत नव्हते, म्हणून त्याने फेरी घेतली. चांगले केले," प्रशिक्षक म्हणाले.

ते 'चांगले केले' माझ्या कानात राहिले. आमच्याकडे जमले नाही तर 'चांगले केले' असे कोणी म्हणत नाही.

त्यानंतर तासभर त्यांनी मला ही विद्या समजावून दिली. हाताशी माझी वही होती. तीत त्यांनी आकृत्या काढल्या. उड्डाण करणे सोपे, उतरणे अवघड, आणि आखूड धावपट्टीवर उतरणे सर्वांत अवघड, असे ते म्हणाले. सांबऱ्याची धावपट्टी या चिमुकल्या विमानांना फार मोठी आहे. परंतु म्हणूनच येथे शिकविणारा विद्यार्थ्यास मुद्दाम लहान धावपट्टी कल्पावयास लावतो. 'समज, सुरुवातीला पन्नास फूट उंचीचे झाड आहे. समज, त्या खुणेपाशी जमीन संपते. आता उतरव.' लांबरुंद धावपट्टीवर चूक झाकली जाते. कल्पनेतील आखूड धावपट्टी ती चूक उघडी पाडते.

विमान कोठे टेकणार हे वैमानिकास कसे कळते, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर मला अतिशय सुंदर वाटले. उतरताना समोरच्या काचेतून सगळी जमीन हलताना, पसरताना दिसते. परंतु त्या हलत्या चित्रात एक बिंदू असा असतो की जो वरही सरकत नाही आणि खालीही सरकत नाही; तो केवळ मोठा होत जातो. विमान नेमके त्याच बिंदूकडे चाललेले असते. ठरविलेली जागा काचेत वर सरकू लागली, तर समजावे की आपण अलीकडेच जमिनीला लागणार. ती खाली सरकू लागली, तर समजावे की आपण तिच्या पलीकडे जाणार. यंत्रे पुष्कळ असतात, पण हा डोळ्यांचा अभ्यास हातात मुरावा लागतो. त्यासाठी एकच फेरी विद्यार्थ्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतात.

दुसरी गोष्ट वेगाची. येथे मला माझे विस्मृतीत गेलेले शाळकरी पदार्थविज्ञान उपयोगी पडले. धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग दहा टक्के जास्त झाला, तर थांबावयास लागणारी जागा दहा नव्हे, एकवीस टक्के वाढते. जगभर प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ या विमानाचे उदाहरण त्यांनी दिले. त्याच्या एका प्रचलित प्रकाराच्या पुस्तिकेप्रमाणे आखूड धावपट्टीवर येताना वेग सुमारे ६१ नॉट, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर, ठेवावयाचा असतो. पूर्ण वजनाचे विमान समुद्रसपाटीवर, पन्नास फुटांचा अडथळा ओलांडून, सुमारे १३३५ फुटांत, म्हणजे जवळजवळ ४०७ मीटरांत, उभे राहते; त्यांपैकी जमिनीवरची धाव अवघी ५७५ फूट. धावपट्टी फरसबंद न राहता कोरड्या गवताची असली, तर त्या धावेत आणखी पंचेचाळीस टक्के भर घालावी लागते.

त्यातही वाऱ्याचा हिशेब मोठा विलक्षण आहे. समोरून वारा असेल, तर दर नऊ नॉटांमागे अंतर दहा टक्के कमी होते. उलट वारा पाठीमागून असेल, तर दर दोन नॉटांमागेच ते दहा टक्के वाढते. विरोध करणारा वारा हळूहळू उपकार करतो आणि पाठ थोपटणारा वारा झटपट घात करतो. हे ऐकताना मला काही सभा-समारंभ आठवले. पण तो विषय येथे नको.

सांबरा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच आहे. हवा विरळ, त्यामुळे वेगमापकावर तोच आकडा दिसत असला तरी विमान जमिनीच्या हिशेबात अधिक वेगाने धावत असते, आणि धाव सात-आठ टक्क्यांनी लांबते. उन्हाळ्यात आणखी थोडी. म्हणजे पुस्तकातील आकडा तसाच्या तसा उचलून चालत नाही. आपण कोठे उभे आहोत हे आधी पाहावे लागते. पाठ्यपुस्तक बंगळुरात तयार होते आणि ते शिकवावयाचे असते कणकुंबीच्या पावसात, हा अनुभव असलेल्या माणसास ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागली नाही.

मी आमच्या खाचरातील बगळ्याविषयी त्यांना सांगितले. चहूकडून बांध असलेल्या लहानशा खाचरात बगळा उतरतो, तेव्हा तो पंख पसरून त्यांना बाक देतो, पाय पुढे सोडतो, वेग अगदी मरू देतो आणि शेवटच्या क्षणी छाती वर करून अलगद उभा राहतो. प्रशिक्षक हसले. "सर, हेच तर शिकवायचे असते. पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. त्या पूर्ण सोडल्या की विमान कमी वेगातही तरंगते आणि उताराचा कोन तीव्र करता येतो. टेकण्याच्या आधी नाक किंचित वर घ्यायचे. फक्त बगळ्याला हे कोणी शिकवत नाही, आणि आमच्या मुलाला दोनशे तास लागतात."

दोनशे तास हा आकडा व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचा. त्यासाठी वय अठरा पूर्ण हवे, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, आणि वैद्यकीय तपासणीत उतरावयास हवे. खर्च लाखांच्या हिशेबात, आणि ते लाख एका हाताच्या बोटांवर मोजून भागत नाहीत. "पालकांना मी एकच सांगतो," ते म्हणाले, "आधी वैद्यकीय तपासणी करा, मग पैसे भरा. डोळ्यांत किंवा कानांत काही दोष निघाला तर तो शेत विकल्यावर कळू नये." हे वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवले.

मग मी मूळ प्रश्नाकडे वळलो. मला त्या मुलाची घेतलेली फेरी समजून घ्यावयाची होती.

उतरणे जमत नाही असे दिसताच इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर चढणे, यास त्यांच्या भाषेत 'गो-अराउंड' म्हणतात. मराठीत मी त्यास 'पुन्हा फेरी' म्हणेन. वेग जास्त आहे, उंची जास्त आहे, विमान आडवे सरकते आहे, धावपट्टीवर जनावर आले आहे, यांपैकी काहीही असो. हट्टाने उतरू नये, फेरी घ्यावी. "आखूड धावपट्टीवर उतरवणे मी शिकवतो, असे लोक म्हणतात," ते म्हणाले. "खरे म्हणजे मी न उतरवणे शिकवतो. ज्याला फेरी घेण्याची लाज वाटत नाही, त्यालाच एकट्याने विमान घेऊन जाऊ देतो."

लाज हा शब्द त्यांनी योजला, तो मला महत्त्वाचा वाटला. कारण अडचण यंत्राची नसते, मनाची असते. इतके खाली आलो, आता उतरूनच टाकू. खाली सगळे पाहत आहेत. परत गेलो तर काय म्हणतील. याची किंमत आपल्याच राज्याने मोजली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एक विमान मंगळुरास उतरत होते. तेथील धावपट्टी डोंगरमाथ्यावर, टोकांशी खोल दरी. विमान गरजेपेक्षा उंच आले आणि सुमारे ८००० फुटांच्या धावपट्टीपैकी ५२०० फूट मागे पडल्यावर टेकले. सहवैमानिकाने पुन्हा फेरी घेण्याविषयी एकाहून अधिक वेळा सांगितले होते, अशी नोंद चौकशीत आढळते. विमान दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. ते विमान काही चिमुकले नव्हते आणि चालविणारे नवशिकेही नव्हते. परंतु धडा तोच होता. बाभळीखाली काही वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

"मग नेहमीच फेरी घेता येते का?" मी विचारले.

"नाही," ते म्हणाले. नेपाळमधील लुक्ला येथील धावपट्टी त्यांनी उदाहरणादाखल सांगितली. एव्हरेस्टच्या वाटेवरील हे ठाणे सुमारे २८०० मीटर उंचीवर आहे. एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६४ साली तेथे धावपट्टी झाली. तिची लांबी ५२७ मीटर, ती चढती, आणि तिच्या शेवटी सरळ डोंगराची भिंत. तेथे एका ठराविक बिंदूच्या पुढे आल्यावर फेरी घेता येत नाही, उतरावेच लागते. म्हणून तेथील वैमानिक परत फिरण्याचा निर्णय दूर असतानाच करतो. "फेरीलासुद्धा मुदत असते, सर. ती ओलांडली की मग पश्चात्तापच."

मे २०२३ मध्ये, सांबऱ्याजवळच होन्निहाळ गावच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान अचानक शेतात उतरवावे लागले होते. प्रशिक्षक आणि शिकाऊ दोघेही बचावले; किरकोळ जखमांवर निभावले. वर्तमानपत्रांत ती बातमी वाचून आमच्या भागातील लोकांना वाटले, शिकविणारे कच्चे आहेत. मला त्या सकाळी निराळाच अर्थ उमगला. कल्पनेतील आखूड धावपट्टी रोज का गिरवून घेतात, याचे उत्तर होन्निहाळच्या शेतात होते. यंत्र बंद पडल्यावर झाड खरे असते, बांध खरा असतो, आणि फेरी नसते. परीक्षेची घंटा कोणास विचारून वाजत नाही.

विमानविद्येच्या आरंभीच्या काळी तर आपल्याकडील साऱ्याच धावपट्ट्या अशा होत्या. मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळविला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूस उतरले. जुहूचे मैदान समुद्रकाठचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, आणि मग साऱ्या बिऱ्हाडासह विमानांना पुण्यास येरवड्याकडे हलावे लागे. कराडचा लहानसा विमानतळ १९५५ च्या सुमारास कोयना धरणाच्या कामासाठी झाला. आणि १९८५ साली कोलकात्याहून सिल्चरला जे प्रवासी विमान केवळ स्त्री-वैमानिकांनी नेले, त्याची सूत्रे कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या हाती होती. हे शेवटचे नाव मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. ते मला एका मुलीस सांगावयाचे होते.

निघण्यापूर्वी मी प्रशिक्षकांना विचारले, "मुलगा चुकत आहे हे दिसत असताना तुम्ही हात केव्हा घालता?"

त्यांच्या शेजारी विद्यार्थ्यापुढेही तेच सुकाणू असते, तेच पायदान असते. "लवकर हात घातला तर तो कधीच शिकत नाही. उशिरा घातला तर दोघेही राहत नाही. माझा हात मांडीवर असतो, सर, पण बोटे जागी असतात. आणि एके दिवशी मी खाली उतरतो, दार लावतो, आणि त्याला एकट्याला पाठवतो. त्या दिवशी त्याच्यापेक्षा मलाच घाम फुटतो."

इतक्यात सकाळपासून फेऱ्या मारणारे ते विमान पुन्हा खाली येऊ लागले. या वेळी ते डगमगले नाही. कल्पनेतील झाड त्याने ओलांडले असावे. नाक किंचित वर झाले, चाके टेकली, आणि थोड्याच अंतरात ते उभे राहिले. माझ्या हातून नकळत टाळी वाजली. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे वळून पाहिले.

परतीच्या बसमध्ये जांबोटीच्या पुढे जंगल लागले आणि मला ते अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे उत्तर आठवू लागले. मी तेव्हा नोकरीत नवा होतो आणि निकालाच्या टक्केवारीचे भूत माझ्या मानेवर होते. हा मुलगा एस.एस.एल.सी.ला गणितात सहा गुणांनी गेला. बाकी सर्व विषय निघाले होते. इरले पांघरून त्याचे वडील भर पावसात माझ्याकडे आले. "गुरुजी, परत बसवू काय ह्याला?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. ऑक्टोबरच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत अद्याप शिल्लक होती. मी म्हणालो, "गणित त्याच्या डोक्यात शिरणारे नाही. वर्ष फुकट घालवू नका. कामाला लावा." आठ दिवसांनी तो गोव्यास बांधकामावर गेला. पुढे ट्रकवर क्लीनर झाला, मग चालक. प्रामाणिक कष्टाचे आयुष्य आहे, त्यास मी कमी लेखीत नाही. परंतु ते त्याने निवडलेले नव्हते. ते मी, एका वाक्यात, त्याच्याकरिता निवडले होते. फेरी घेण्यास जागा होती, वेळ होता, आणि शिक्षकानेच सांगितले की पुन्हा वर चढू नकोस.

ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी तो आला. मुलगीही बरोबर होती. मी वही उघडली आणि सर्व समजावून सांगितले. खर्च, परवाना, तपासणी, दोनशे तास. स्थिर दिसणाऱ्या बिंदूची गोष्ट ऐकताना मुलीचे डोळे चमकले. वेगाची गोष्ट बापाला अधिक कळली.

"घाटात तसंच असतंय, गुरुजी," तो म्हणाला. "गिअर वळणाच्या आधीच टाकायला लागतो. वळणावर गेल्यावर टाकतो म्हटलं तर गाडी ऐकत न्हाई."

मग मुलगी शेजारी गेली असताना मी त्याला ते सांगितले, जे सांगावयास मला अठ्ठावीस वर्षे लागली. म्हणालो, "तुझ्या वडिलांना मी त्या वेळी चुकीचा सल्ला दिला. तुला ऑक्टोबरला बसवायला हवे होते. चूक माझी होती."

तो जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ते राहू दे गुरुजी. पोरीचं काय करायचं तेवढं सांगा."

मी त्याला 'पाठव' असे म्हणालो नाही आणि 'नको' असेही म्हणालो नाही. दुसऱ्याच्या आयुष्याचे सुकाणू एकदा मी फार लवकर हातात घेतले होते. इतकेच म्हणालो, की आधी तपासणी करून घे. त्यात उतरली तर कर्जाचा हिशेब आपण दोघे मिळून बसून करू. आणि पुढे कधी पहिल्या खेपेस तिला जमले नाही, तर तिला घरी आणू नकोस, दुसरी फेरी घेऊ दे. कोणत्या मुदतीपर्यंत फेरी घेता येते, हे मात्र आधी विचारून ठेव. त्याने मान हलविली. दुसऱ्या दिवशी पहाटे पणजीचा माल घेऊन तो घाटात उतरला. मुलीने तपासणीसाठी अर्ज केला आहे. निकाल अजून यावयाचा आहे.

या वर्षी आमच्या शाळेतील तीन मुले दहावीला गणितात राहिली. पूर्वी मी अशांची नावे फलकावर लाल खडूने लिहीत असे. या खेपेस लिहिली नाहीत. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपण्यापूर्वी, छत्री घेऊन, तिघांच्याही घरी जाऊन आलो. एक घर पार जंगलाच्या कडेला आहे. तेथे पोहोचेपर्यंत अंधार पडला. दारात मला पाहून मुलाच्या आईचा चेहरा उतरला. मुख्याध्यापक घरी आले म्हणजे काही वाईट बातमी असणार, असे त्या माउलीस वाटले असावे. मी ओटीवर बसलो, अर्ज पुढे केला आणि मुलाला म्हणालो, "सही कर. पुन्हा एकदा बसायचे आहे."